बाबांचं लिव्हरचं प्रेशर १४ वरून १८ कसं झालं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. वडील ५९ वर्षांचे, दारूमुळे सिरॉसिस झालेला (म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालेलं), सोबत शुगर. गेल्या वर्षी मानेच्या नसेतून लिव्हरचं प्रेशर मोजलं तेव्हा वेज २५, फ्री ११, ग्रेडियंट १४ असं आलं. मग हे प्रेशर उतरवणारी कार्व्हेडिलॉल चालू केली, ३.१२५ ची गोळी दिवसातून दोनदा. दहा महिन्यांनी परत मोजलं तर वेज २९, फ्री ११, ग्रेडियंट १८. मधल्या काळात वजन ७८ वरून ८५ किलो झालं, टेस्टच्या बारा दिवस आधी लघवीचं इन्फेक्शन होऊन ताप येऊन गेला, टेस्टला उपाशी यायला सांगितलं होतं म्हणून सकाळची गोळी दिली नाही, आणि दारू "फक्त लग्नकार्यात". मुलगा विचारतोय की औषध चालू असताना प्रेशर वाढलं कसं, मशीन चुकलं का, टेन्शनमुळे किंवा भातामुळे वाढतं का, आणि आता अन्ननलिकेतली फुगलेली नस फुटणार का.

मी गेली बरीच वर्षं लिव्हरचेच पेशंट बघतोय आणि त्यातली खूप वर्षं कॅथलॅबमध्ये हेच प्रेशर मोजण्यात गेली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. सगळ्यात आधी एक सांगतो, तुम्ही नुसता "प्रेशर १८ आलं" असं न लिहिता तिन्ही आकडे दिलेत हे फार चांगलं केलंत, कारण खरं उत्तर त्या तीन आकड्यांतच आहे.

लिव्हरमधल्या नसेपर्यंत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, नेला की आधी तो मोकळा ठेवून प्रेशर घेतात, ते फ्री. मग टोकाचा फुगा फुगवून नस पूर्ण बंद करतात आणि मागे जे प्रेशर तुंबतं ते घेतात, ते वेज. वेज म्हणजे लिव्हरच्या आतल्या बारीक पोकळ्यांमधलं प्रेशर, आणि दारूच्या किंवा हिपॅटायटिस सी च्या सिरॉसिसमध्ये ते पोर्टल व्हेनच्या, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या मोठ्या नसेच्या, प्रेशरच्या अगदी जवळ असतं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे ग्रेडियंट, ज्याला आम्ही एचव्हीपीजी म्हणतो. वजाबाकी का करायची, तर पोटात पाणी तटतटून भरलं असेल किंवा हार्टची उजवी बाजू कमकुवत असेल तर वेज आणि फ्री दोन्ही सारखेच वर जातात, आणि वजाबाकी केली की हा बाहेरचा दाब निघून जातो आणि उरतो तो लिव्हरचा स्वतःचा अडथळा. तुमच्या बाबांचं फ्री दोन्ही वेळा ११ च आहे, फक्त वेज ४ ने वाढलंय. म्हणजे पोटातलं पाणी किंवा हार्ट हे या वाढीचं कारण दिसत नाही, जे काय झालंय ते लिव्हरच्या आत किंवा लिव्हरकडे येणाऱ्या रक्तात झालंय.

आता मशीनबद्दल. मशीन क्वचित चुकतं, मोजणारे जास्त वेळा चुकतात, हे मी आमच्याच लोकांबद्दल सांगतोय. फुग्याने नस नीट बंद झाली का हे थोडं डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) टाकून बघावं लागतं, डाय बाजूने निसटत असेल तर वेज खोटंच कमी येतं. लिव्हरच्या नसांचे आपापसांत जोड असले तरी तेच होतं. वेजचा आकडा स्थिर व्हायला निदान एक मिनिट थांबावं लागतं, आणि घाईत असलेला माणूस पंधरा-वीस सेकंदांत आकडा लिहून मोकळा होतो. फ्री प्रेशर नस जिथे व्हेना केव्हाला, म्हणजे हार्टकडे जाणाऱ्या मोठ्या नसेला, मिळते तिथून दोन-तीन सेंटीमीटर आत घ्यायचं, आणि ते व्हेना केव्हाच्या प्रेशरपेक्षा २ एमएमहून (एमएम हे या प्रेशरचं माप) जास्त येत असेल तर कॅथेटर अडकलाय असं समजायचं. काही ठिकाणी फ्री ऐवजी हार्टच्या उजव्या कप्प्याचं प्रेशर वजा करतात, त्याने ग्रेडियंट उगाच फुगतो. हे सगळं तीनदा करून सरासरी घ्यायची. म्हणून तुम्ही रिपोर्टसोबत ग्राफचा कागद मागा, तो मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दोन्ही वेळेचे ग्राफ शेजारी ठेवले की अनुभवी माणसाला पाच मिनिटांत कळतं की दुसरं प्रेशर खरंच वाढलंय की पहिलंच खोटं कमी आलं होतं. हो, तसंही असू शकतं, १४ हाच आकडा कमी मोजला गेला असेल.

शिवाय झोपेचं औषध किती दिलं तेही विचारा. थोडंसं मिडाझोलाम दिलं तर आकड्याला धक्का लागत नाही, पण प्रोपोफॉल देऊन गाढ झोपवलं तर श्वासाबरोबर प्रेशर इतकं वरखाली होतं की तो आकडा धरायला मला आवडत नाही.

आणि काहीही न बदलता, सगळं नीट मोजूनसुद्धा, दोन वेळांत एक-दोन एमएमचा फरक पडतोच, दारूच्या सिरॉसिसमध्ये आणि पोटात पाणी झालेल्यांमध्ये तो जरा जास्तच पडतो. प्रेशर दिवसभर एकसारखं नसतंच मुळी. दुपारी-संध्याकाळी थोडं उतरतं आणि रात्रीतून परत चढतं, त्यामुळे एक टेस्ट सकाळी आणि दुसरी दुपारी चारला केली असेल तर तोही फरक आला. पण ४ एमएम म्हणजे पाव हिश्श्याहून जास्त वाढ आहे, ती सगळी यावर ढकलता येणार नाही, म्हणून पुढचं नीट वाचा.

प्रेशर कशाने बनतं हे शेतातल्या पाइपवरून समजतं. पाइपमधला दाब दोनच गोष्टींनी वाढतो, एकतर पुढे तोटी आवळली किंवा मागून मोटरने पाणी जास्त सोडलं. लिव्हरमध्ये मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त येतं, त्यातलं तीन चतुर्थांश आतड्यांकडून आणि प्लीहेकडून पोर्टल व्हेनमधून. सिरॉसिसमध्ये व्रण आणि गाठींमुळे तोटी आवळली जाते. पण यातली एक गोष्ट लोकांना सहसा कुणी सांगत नाही आणि मला ती सांगायलाच हवी असं वाटतं, की हा आवळा सगळाच दगडासारखा पक्का नसतो. साधारण पाऊण भाग व्रणाचा असतो, पण उरलेला पाव ते तिसरा हिस्सा जिवंत असतो, म्हणजे लिव्हरमधल्या काही पेशी स्नायूसारख्या आकसलेल्या असतात आणि नसा सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड तिथे कमी पडलेला असतो. गंमत अशी की तोच नायट्रिक ऑक्साइड आतड्यांच्या बाजूला जास्त होतो, तिकडच्या नसा सैल पडतात, आणि मागून रक्ताचा लोंढा वाढतो. म्हणजे तोटी आवळलेली आणि मोटर जोरात. हा जो जिवंत हिस्सा आहे ना, तोच दारूने, इन्फेक्शनने, सुजेने काही दिवसांत आवळतो आणि काळजी घेतली तर सैलही होतो, त्यामुळे १८ हा आकडा कायमचा कोरलाय असं बिलकुल समजू नका.

आता तुमच्या यादीतल्या एकेका गोष्टीकडे येतो, आणि पहिला नंबर दारूचा. "फक्त लग्नकार्यात" हे वाक्य मी रोज ऐकतो, आणि मे महिन्यात तर लग्नं एकामागून एक असतात. माझ्या ओपीडीत मी हे बाबांना एकट्यात विचारतो, मुलांसमोर नाही, कारण मुलांसमोर खरं उत्तर येत नाही आणि त्यांना लाज वाटते. दारूच्या सिरॉसिसमध्ये एकदा घेतलेल्या मध्यम दारूनेसुद्धा लिव्हरचं प्रेशर तासाभरात वर गेलेलं प्रत्यक्ष मोजून दाखवलेलं आहे, आणि रोज-रोज थोडी घेतली तर लिव्हरला सूज राहते आणि तोटी आवळलेलीच राहते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. पूर्ण बंद केली तर बऱ्याच जणांचं प्रेशर काही महिन्यांत उतरतं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की या बाबतीत माझा विश्वास कुठल्याही गोळीपेक्षा जास्त आहे. बिअर, वाइन, देशी, सगळं एकच. बाबांना सोडणं जड जात असेल तर त्यांना ओरडू नका, व्यसनमुक्तीच्या डॉक्टरकडे न्या, लिव्हरला चालतील अशी बॅक्लोफेनसारखी औषधं त्यासाठी आहेत, आणि ती त्यांनीच द्यावी लागतात.

दुसरं वजन. ७ किलो वाढले ते चरबीचे की पाण्याचे हे आधी सोनोग्राफीने बघा, कारण सिरॉसिसमध्ये तब्येत सुधारली असं वाटतं आणि ते पोटातलं पाणी निघतं. पायावर बोट दाबलं की खळगा पडतो का तेही बघा. पाणी नसेल आणि खरंच पोट सुटलं असेल तर शुगर आणि चरबी दोन्ही मिळून लिव्हरचं प्रेशर वाढवतात. स्पेनमध्ये जाड सिरॉसिस पेशंटवर सोळा आठवड्यांचा डाएट आणि व्यायामाचा कार्यक्रम केला होता, त्याचा निकाल २०१७ मध्ये आला, वजन उतरलं तसं प्रेशरही उतरलं, आणि ज्यांनी दहा टक्क्यांहून जास्त वजन घटवलं त्यांचं सगळ्यात जास्त उतरलं. तो अभ्यास छोटाच होता पण कुठल्याही नव्या गोळीशिवाय झालेला होता. मात्र उपास करून वजन उतरवायचं नाही, कारण सिरॉसिसमध्ये आधी स्नायू जातात. दर किलो वजनामागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन जायला हवं, डाळ, दही, पनीर, अंडी, मासे जे चालत असेल ते, आणि रात्री झोपायच्या आधी काहीतरी खायचंच. साखर, तळलेलं, पाकीटबंद फरसाण आणि लोणच्या-पापडातलं मीठ हे कमी करा. मीठ जास्त झालं की अंगात पाणी साठतं, रक्ताचं आकारमान वाढतं, मागची मोटर जोरात चालते.

तिसरं म्हणजे गोळी. तुमचा प्रश्न वाचताना मी इथेच थांबलो. कार्व्हेडिलॉल दोन्ही बाजूंनी काम करते, आतड्यांकडचा लोंढा कमी करते आणि लिव्हरची तोटीही थोडी सैल करते, म्हणूनच आज ती प्रोप्रानोलॉल या त्याच जातीच्या जुन्या औषधापेक्षा पुढे गेली आहे. प्रोप्रानोलॉलचा हा उपयोग फ्रान्समध्ये लेब्रेक यांनी १९८० च्या सुमारास दाखवला तेव्हापासून ही औषधं आम्ही वापरतोय. आता बघा, बाबांचा दिवसाचा डोस ६.२५ आहे. बहुतेकांना, चालत असेल तर, १२.५ पर्यंत नेतात, वरचं बीपी ९० च्या खाली जाऊ द्यायचं नाही एवढं बघून. म्हणजे सुरुवातीचाच डोस दहा महिने तसाच राहिलाय, वर टेस्टच्या दिवशी सकाळची गोळीही चुकली. तर मग १८ हे "औषध चालू असताना"चं प्रेशर आहे असं मी म्हणणारच नाही. उपाशी राहायचं म्हणजे जेवायचं नाही, घोटभर पाण्यासोबत गोळी बहुतेक ठिकाणी घेऊ देतात, फक्त ते आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्यावं लागतं. आमच्याकडे सूचनांच्या कागदावर हे लिहिलेलं नसतं आणि त्यात घरच्यांची काहीच चूक नसते. डोस मनाने मात्र वाढवू नका, डॉक्टरांना बीपी आणि पल्सची आठवड्याची वही दाखवा आणि विचारा की वाढवता येईल का. आणि गोळी अचानक बंद तर कधीच करू नका, संपली म्हणून दोन दिवस गेले असंही नको, त्याने प्रेशर परत उसळतं आणि रक्तस्राव झालेले पेशंट मी बघितले आहेत. हेही खरं आहे की नीट डोस घेऊनसुद्धा काहींचं प्रेशर पुरेसं उतरत नाही, म्हणून तर परत मोजायचं असतं.

चौथं इन्फेक्शन. बारा दिवसांपूर्वीचा ताप ही छोटी गोष्ट नाही. इन्फेक्शनमध्ये जंतूंचे विषारी अंश रक्तात येतात, लिव्हरची तोटी आणखी आवळते आणि आतड्यांच्या नसा आणखी सैल होतात, म्हणजे दोन्हीकडून मार. नस फुटून आलेल्या पेशंटला आम्ही पहिल्या तासातच अँटिबायोटिक लावतो ते याचसाठी. म्हणून शक्य असेल तर इन्फेक्शन गेल्यावर चार-सहा आठवडे थांबून प्रेशर मोजावं असं माझं मत आहे. तुमच्या बाबांना ती संधी मिळाली नाही, त्यामुळे १८ मधले काही एमएम त्या तापाचे असू शकतात.

भाताचं विचारलंत. जेवल्यावर आतड्यांकडे रक्त वाढतं आणि अर्ध्या तासात प्रेशर दहा-वीस टक्क्यांनी चढतं, हे सगळ्यांचंच होतं, मग तो भात असो की भाकरी. म्हणून तर टेस्ट उपाशीपोटी करतात. ते दोन-तीन तासांत उतरतं आणि त्याच्यासाठी जेवण तोडायची अजिबात गरज नाही, फक्त एकदम ताट भरून जेवण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खावं. टेन्शनला मी या वाढीचं कारण धरणार नाही, बाबांना त्यासाठी दोष देऊ नका. व्यायामाचं मात्र नीट समजून घ्या. जोरात सायकल मारताना प्रेशर तेवढ्यापुरतं चढतं, पण नियमित चालणं आणि हलका व्यायाम काही महिने केला तर ते उतरतं. म्हणून चालायचं, पण गव्हाचं पोतं उचलायचं नाही, संडासला जोर लावायचा नाही, खोकला लांबवायचा नाही.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत पण मी विचारतो. एक, कुणी काढा किंवा गुळवेल देतंय का? २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली होती. सिरॉसिसच्या लिव्हरवर अशी नवी सूज आली की प्रेशर चढणारच, तर जे काही चालू असेल ते डॉक्टरांसमोर ठेवा, लपवू नका. आणि गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन नको, त्याने अंगात मीठ-पाणी साठतं आणि किडनीवर येतं. दोन, सोनोग्राफी करताना डॉप्लरने पोर्टल व्हेनमध्ये गुठळी नाही ना हे बघून घ्या. गुठळी लिव्हरच्या अलीकडे असते, त्यामुळे एचव्हीपीजीमध्ये ती धड दिसतच नाही, पण व्हेरिसेसवर, म्हणजे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नसांवर, तिचा ताण येतो. आपल्याकडे सिरॉसिस नसतानाही पोर्टल प्रेशर वाढलेले बरेच पेशंट असतात आणि त्यांचा एचव्हीपीजी जवळपास नॉर्मल येतो, ते याच कारणाने.

आता नस फुटणार का. आकड्यांचा अर्थ असा. ५ पर्यंत नॉर्मल. १० च्या वर गेलं की व्हेरिसेस, पोटात पाणी वगैरे व्हायचा धोका सुरू होतो, १२ च्या खाली नस सहसा फुटत नाही, १६ च्या वर काळजी वाढते, आणि रक्तस्राव चालू असताना २० च्या वर असेल तर तो आटोक्यात आणणं अवघड जातं. १८ हा काळजीचा आकडा आहे, मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पण फुटणं हे नुसत्या प्रेशरवर नसतं, नस किती फुगलीय, तिची भिंत किती पातळ झालीय, त्यावर लाल ठिपके आहेत का, हे एंडोस्कोपीत दिसतं. तुम्ही एंडोस्कोपीचं काहीच लिहिलं नाहीये. झाली नसेल तर या महिन्यात करून घ्या, मोठ्या नसा दिसल्या तर बँडिंगचा, म्हणजे त्यांना रबरी रिंग बांधण्याचा, विचार होईल. २०१९ मध्ये स्पेनमधल्याच एका अभ्यासाचा निकाल आला, त्यात दोनशे एक पेशंट होते, सगळ्यांचं प्रेशर १० किंवा जास्त पण अजून काही बिघाड झालेला नाही असे. बीटा ब्लॉकर (कार्व्हेडिलॉल, प्रोप्रानोलॉल यांच्या जातीची गोळी) घेणाऱ्यांत पोटात पाणी, रक्तस्राव किंवा मृत्यू १६ टक्क्यांना, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २७ टक्क्यांना. म्हणजे बाबांना जी गोळी चालू आहे ती बरोबरच आहे, फक्त तिला पूर्ण डोसची आणि रोजच्या नेमाची जोड हवी.

दर दोन महिन्यांनी मानेतून नस टोचायची गरज नाही, मध्ये फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक आहे ते बाहेरून मोजणारी टेस्ट) आणि प्लेटलेटवरून अंदाज घेता येतो, जरी त्या आकड्यांवरून औषधाचा परिणाम नीट कळत नाही. मी असतो तर असं केलं असतं, दारू पूर्ण बंद, डोस हळूहळू वाढवायचा, वजन तीन-चार किलोने खाली, इन्फेक्शन पूर्ण गेल्याची खात्री, आणि तीन-चार महिन्यांनी तीच मशीन, शक्य असेल तर तोच डॉक्टर आणि सकाळचीच वेळ ठेवून परत मोजायचं, गोळी दिलेली असताना. आत्ताच्या १८ वरून किमान २० टक्के उतरलं, म्हणजे १४.४ किंवा त्याच्या खाली आलं, तर औषधाचा चांगला उपयोग होतोय असं मी समजेन, आणि १२ च्या खाली आलं तर फारच उत्तम.

तोवर घरात सगळ्यांना एवढं सांगून ठेवा. रक्ताची उलटी झाली किंवा डांबरासारखी काळी चिकट शी झाली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, जिथे एंडोस्कोपी आणि रक्तपेढी दोन्ही आहेत अशाच हॉस्पिटलला थेट जायचं. आणि तिथे कुणी हिमोग्लोबिन ७ च्या वर असताना घाईने बाटल्या चढवायला लागलं तर विचारा की गरज आहे का, कारण रक्त जास्त भरलं की प्रेशर परत चढतं आणि बंद झालेला रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. लिव्हरचे डॉक्टर साधारण ७ ते ८ वर थांबतात. बाबांचा रक्तगट, चालू गोळ्यांची यादी आणि हे दोन रिपोर्ट ग्राफसकट एका पाकिटात घालून ते पाकीट दाराजवळच्या कपाटात ठेवा.